वार्ता आणि वायदा : नागपूर-वऱ्हाडच्या कापूसव्यापारातील पुराव्याचा एक प्रश्न

बाजाराच्या इतिहासाची साधने मुख्यत्वे दोन प्रकारची असतात. बाजाराविषयी जे बोलले वा लिहिले गेले ते एक. आणि बाजारात जे प्रत्यक्ष केले गेले ते दुसरे. वर्तमानपत्रे, बाजारभावांची पत्रके, सरकारी अहवाल ही पहिल्या प्रकारची साधने होत. पेढ्यांच्या वह्या, वायद्यांचे सौदे, बँकांची कर्जखाती, तेजी-मंदीच्या सौद्यांवर दिलेले-घेतलेले नजराणे ही दुसऱ्या प्रकारची. पहिली विपुल आहेत व ग्रंथालयात बसल्या जागी पाहावयास मिळतात. दुसरी दुर्मीळ आहेत, बहुधा मोडीत वा महाजनी लिपीत आहेत, आणि ज्यांच्या घरी आहेत ते ती दाखविण्यास सहसा राजी नसतात. परिणाम असा झाला आहे की बाजाराचा इतिहास पहिल्या प्रकारच्या साधनांवरून लिहिला जातो, आणि ‘अमुक साली बाजारात मोठा उत्साह होता’ या विधानाचा खरा अर्थ पुष्कळदा ‘अमुक साली वर्तमानपत्रांत मोठा उत्साह होता’ एवढाच असतो.

अलीकडे बातम्यांतील शब्द यंत्राने मोजून बाजाराचा कल ठरविण्याची, आणि तो कल मोठ्या संस्थांच्या खरेदी-विक्रीशी व ऑप्शनांच्या सौद्यांशी ताडून पाहण्याची पद्धती अर्थशास्त्राच्या अभ्यासात रूढ झाली आहे. ही पद्धती नवी असली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न नवा नाही. नागपूर-वऱ्हाडच्या कापसाने तो प्रश्न १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारापुढे उभा केला होता. त्या काळाची कागदपत्रे या दृष्टीने पाहिली असता वार्ता व सौदा यांचा परस्परसंबंध समजला जातो तितका सरळ नाही, असे दिसून येते.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या व्यवस्थेखाली आला. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांताची घटना होऊन नागपूर हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील यादवी युद्धास तोंड लागले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा आटला. लिव्हरपूलच्या बाजारात मध्यम प्रतीच्या अमेरिकन कापसाचा भाव १८६० साली पौंडास सुमारे सहा पेन्स होता. १८६४ सालची सरासरी साडेसत्तावीस पेन्सांच्या घरात गेली. हिंदी कापूस आखूड धाग्याचा आणि कचरा मिसळलेला म्हणून तोवर हिणवला जात असे. आता त्याला मागणी आली. त्यातही हिंगणघाटचा बनी जातीचा कापूस स्वतंत्र नावाने ओळखला जाऊ लागला, आणि अमरावतीचा माल ‘ऊमरा’ या अपभ्रष्ट नावाने लिव्हरपूलच्या भावपत्रकात स्थिर झाला. या काळात मुंबईस नेहमीच्या किमतीहून जे अधिक धन मिळाले त्याचा आकडा आठ कोटी दहा लाख पौंड असा सांगण्याचा प्रघात आहे.

हे सर्व सर्वश्रुत आहे. येथे विचारात घ्यावयाचा मुद्दा निराळा आहे, तो अंतराचा. अमेरिकेतील बातमी आगबोटीने लिव्हरपूलला पोहोचण्यास दहा-बारा दिवस लागत. तेथून इजिप्तच्या मार्गाने टपाल मुंबईस येण्यास साधारणपणे चार आठवडे जात. म्हणजे रणांगणावर घडलेली गोष्ट मुंबईच्या बाजारात समजण्यास पाच-सहा आठवड्यांचा अवधी लागे. इराणच्या आखातातून येणारी तार १८६५ च्या प्रारंभी कार्य करू लागली, पण तुर्की मुलुखातील ठाण्यांवरून येता येता संदेशांचे जे हाल होत त्यामुळे व्यापारी तिच्यावर फारसा विसंबून राहत नसे. मालाची गती तर याहून कितीतरी मंद होती. नागपूरपर्यंत आगगाडी आली ती १८६७ साली. तोपर्यंत हिंगणघाटचा कापूस गाड्यांवरून वा बैलांच्या पाठीवरून रेल्वेच्या पुढे सरकत येणाऱ्या टोकापर्यंत न्यावा लागे, आणि मुंबईहून शिडाच्या जहाजात चढलेला गठ्ठा आफ्रिकेस वळसा घालून सुमारे चार महिन्यांनी लिव्हरपूलला उतरे. पौषात हिंगणघाटला रोख पैसे मोजून कापूस घेणारा व्यापारी कार्तिकातील लिव्हरपूलच्या भावावर विसंबून खरेदी करीत असे, आणि त्याचा माल आषाढाच्या सुमारास विकला जाई. त्याची इच्छा असो वा नसो, तो वायद्याचाच व्यापार करीत होता. सट्टा म्हणजे व्यापाराबाहेरची एक अनिष्ट लत, अशी जी समजूत त्या काळच्या नीतिपर लेखनात आढळते, ती या मूळ वस्तुस्थितीकडे डोळेझाक करणारी आहे.

अशा स्थितीत बातमी हीच एक मालमत्ता होती. प्रेमचंद रायचंद याने किनाऱ्यावरून होड्या पाठवून येणाऱ्या टपालबोटीवरील लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी मिळविले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती अक्षरशः खरी मानली तरी तिच्यातून एरवी काढले जाते ते अनुमान निघत नाही. काही तास आधी मिळालेल्या बातमीने एखादा सौदा साधेल. परंतु प्रेमचंदाचे सामर्थ्य बातमीत नव्हते. ते त्याच्या शब्दावर बँका कर्ज देत होत्या यात होते. वार्तेचा लाभ क्षणिक असतो, पतपुरवठ्याचा दीर्घ असतो. हे ध्यानात घेतल्यावाचून १८६४ व १८६५ या दोन वर्षांतील फरक उलगडत नाही.

१८६४ च्या भाद्रपद-आश्विनात लिव्हरपूलला तहाची आवई उठली. अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागो येथील अधिवेशनात युद्ध थांबविण्याच्या बाजूने ठराव केला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत लिंकन पडेल अशी हवा निर्माण झाली. कापसाचे भाव झपाट्याने घसरले. लिव्हरपूलमधील काही व्यापारी बुडाले. नोव्हेंबरात लिंकन पुन्हा निवडून आला, युद्ध चालू राहणार हे उघड झाले आणि भाव सावरले. बातमीच्या दृष्टीने पाहता हा प्रसंग पुढील वर्षाच्या प्रलयाची रंगीत तालीमच होय. तहाची नुसती शक्यता दिसताच काय होते हे सर्वांच्या डोळ्यांपुढे घडले होते. मुंबईची वर्तमानपत्रे अज्ञानात होती असेही नाही. ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘बॉम्बे गॅझेट’, ‘रास्त गोफ्तार’, १८६२ पासून निघू लागलेला ‘इंदुप्रकाश’ या सर्वांना अमेरिकेच्या युद्धाचा मुंबईच्या पेठांशी असलेला संबंध पुरा ठाऊक होता.

तरीही १८६४ च्या हेमंतातच कंपन्यांचे पीक आले. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ भूमी कंपन्या उभ्या होत्या. बॅकबे भरणी कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या भागाची किंमत पन्नास हजारांच्या वर गेली. केवळ बातमीचा कल पाहणाऱ्यास येथे विसंगती दिसते, कारण धोक्याची सूचना मिळूनही बाजार चढलाच होता. सौद्यांकडे पाहणाऱ्यास ही विसंगती वाटत नाही. कापसाचा भाव घसरला तरी मागील तीन हंगामांत मिळालेला पैसा मुंबईत येऊन पडला होता. त्याला लावावयास जागा नव्हती. आणि मुंबई बँकेसंबंधी १८६३ साली झालेल्या कायद्याने कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी करून दिली होती. भाग गहाण ठेवून पैसा घ्यावा, त्या पैशाने आणखी भाग घ्यावेत आणि तेही गहाण टाकावेत, असा हा क्रम होता. यात कापसाच्या बातमीस आरंभी स्थानच नव्हते. ते स्थान तिला प्राप्त झाले ते परतफेडीच्या वेळी.

१८६५ च्या पहिल्या तीन महिन्यांत युद्धाचा शेवट जवळ आल्याची चिन्हे दिसू लागली. ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली याने शरणागती पत्करली; परंतु लिव्हरपूलचे भाव त्यापूर्वीच घसरणीस लागले होते. ही वार्ता मुंबईस वसंतऋतू सरता सरता पोहोचली. मुंबईच्या विनाशाचा दिवस म्हणून मात्र १ जुलै १८६५ हाच दिवस स्मरणात राहिला आहे. त्या दिवशी अमेरिकेत, लिव्हरपूलला वा मुंबईस काहीही नवे घडले नव्हते. १ जुलै ही भागांच्या वायद्यांच्या फेडीची तारीख होती. वर्षाच्या प्रारंभी चढ्या भावाने झालेले सौदे त्या दिवशी पुरे करावयाचे होते, आणि ज्यांनी भाग घेण्याचे कबूल केले होते त्यांच्याजवळ पैसा नव्हता. बातमीवरून विनाशाचे कारण कळते. विनाश कोणत्या दिवशी आणि कोणाच्या दारी येईल हे सौद्यांच्या वहीवाचून कळत नाही. एप्रिल ते जून या तीन महिन्यांतील वर्तमानपत्रे वाचणाऱ्यास बाजार ‘अजून सावरलेला’ वाटतो तो याचमुळे. घसरण झाली होती, पण तिची वसुली व्हावयाची होती.

या सौद्यांचे ज्ञान आज कसे होते हेही पाहण्यासारखे आहे. पेढी चालू असताना तिच्या वह्या कोणी बाहेरचा पाहत नाही. पेढी बुडाली म्हणजे त्या न्यायालयात येतात. १८६५ च्या अठ्ठाविसाव्या कायद्याने दिवाळखोरांच्या मालमत्तेची व्यवस्था धनकोंनी निवडलेल्या विश्वस्तांकडे देण्याची सोय केली, आणि मुंबई बँक बुडाल्यावर १८६८ साली सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. समितीपुढे झालेल्या साक्षींतून बँकेने कोणास, किती आणि कशाच्या तारणावर कर्ज दिले हे प्रकाशात आले. वर्तमानपत्रांतून जो उत्साह सबंध नगराचा वाटतो, तो बँकेच्या खात्यांत थोड्या माणसांच्या हाती एकवटलेल्या कर्जाच्या रूपाने दिसतो. तथापि या पुराव्याला एक मोठे व्यंग आहे. तो बुडालेल्यांचा पुरावा आहे. ज्यांनी फाल्गुनातच आपले भाग विकून टाकले, ज्यांनी वायद्यात विक्रीची बाजू धरली, ते न्यायालयात आले नाहीत आणि त्यांच्या वह्याही आल्या नाहीत. प्रत्येक सौद्यास दोन बाजू असतात. १८६५ च्या इतिहासात एकीचेच दप्तर उरले आहे. ‘मुंबई बुडाली’ हे विधान या कारणाने जपून करावयास हवे.

या पडझडीचा एक धागा पुढे नागपूरशी येऊन मिळतो. नसरवानजी टाटा यांच्या पेढीचा प्रेमचंदाशी व्यवहार होता. लंडनला एक हिंदी बँक काढण्याच्या योजनेने तरुण जमशेटजी तिकडे गेले असता मुंबईचा बाजार कोसळला व त्यांच्या जवळील कागदांची किंमत नाहीशी झाली. याच जमशेटजींनी पुढे १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे कापसाचे शेत, कोळसा आणि कापडाची पेठ यांचे सान्निध्य हे कारण सांगतात व ते खरे आहे. त्याच्या जोडीस आणखी एक गोष्ट लक्षात येते. कापूस जेथे पिकतो तेथेच कातला म्हणजे त्याच्या खरेदी-विक्रीमधील सहा-आठ महिन्यांचे अंतर, आणि त्याबरोबर लिव्हरपूलच्या वार्तेवरील अवलंबन, पुष्कळच कमी होते. १८६५ चा अनुभव घेतलेल्या माणसास हा लाभ दिसला नसेल असे म्हणणे कठीण आहे.

आता ज्याचा कापूस होता त्याच्याकडे वळावयास हवे. वर्धा व पूर्णा नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत कापूस मृगात पेरला जाई व कार्तिकापासून वेचला जाई. ली शरण आल्याची वार्ता मुंबईस आली तेव्हा त्या हंगामाचा कापूस शेतकऱ्याच्या घरातून निघून गेला होता. तो तोटा बहुतांशी व्यापाऱ्यास बसला. परंतु अवघ्या महिना-दीड महिन्यात मृग आला आणि नवी पेरणी मागील भावांच्या आशेवर झाली. व्यापाऱ्यास चुकलेला सौदा तोटा सोसून उलटविता येतो. पेरणी उलटविता येत नाही. त्या अर्थाने पेरणी हाच शेतकऱ्याचा वायदा होता, आणि तो बाजारातील सर्वांत कठोर वायदा होता. त्यातही बी-बियाणे व सारा यांसाठी सावकाराकडून पैसा घेऊन उभे पीक आगाऊ ठरावाने त्याच्या स्वाधीन करण्याची चाल असल्याने, भाव वाढला तर लाभ सावकाराचा आणि पडला तर कर्ज कुणब्याच्या माथी, असा व्यवहार पुष्कळ ठिकाणी होता. वस्तुतः हा एकतर्फी ऑप्शनाचा सौदा होय. फरक इतकाच की त्याचा नजराणा शेतकऱ्यास कोणी दिला नाही. या सौद्याची नोंद वर्तमानपत्रांत नाही आणि मुंबईच्या वायदेबाजारातही नाही. सावकाराच्या खतावणीत आहे, आणि कुळ-सावकारांच्या दाव्यांच्या कागदांत आहे.

१८६५ नंतर वार्तेची गती वाढली. १८६६ साली रॉयटर या वृत्तसंस्थेचा प्रतिनिधी मुंबईस आला व वर्गणी भरणाऱ्यांना बाजारभावांच्या तारा मिळू लागल्या. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि १८७० साली तांबड्या समुद्रातून आलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. त्याच वर्षी खामगावची आगगाडीची शाखा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडण्यात आली. मध्यप्रांत व वऱ्हाड यांच्यासाठी नेमलेले कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांच्या त्या वर्षांतील अहवालांत बियाणे, पेठा, रस्ते आणि रेल्वे यांचा जो ध्यास दिसतो, त्याचे सूत्र एकच आहे. वऱ्हाडचे शेत आणि लिव्हरपूलचा बाजार यांतील काळ कमी करणे हे ते सूत्र. तो खरोखरच कमी झाला. त्याने बातमीतील विषमता मात्र मिटली नाही, तिचे रूप बदलले. मोठ्या पेढ्या आपल्या तारा सांकेतिक भाषेत पाठवीत. जाहीर तारेतून भाव कळे. खाजगी तारेतून खरेदीचा हुकूम येई. पहिली वार्ता होती, दुसरा सौदा होता. वर्तमानपत्रांच्या हाती अर्थातच पहिलीच लागे.

या टप्प्यावर रॅली ब्रदर्स, फोलकार्ट ब्रदर्स यांसारख्या मोठ्या परदेशी पेढ्यांचा विचार करावा लागतो. आजच्या भाषेत ‘संस्थात्मक’ म्हणावे असे व्यवहार त्यांचेच होते. या पेढ्यांच्या आडती खामगाव, अमरावती, हिंगणघाट येथे होत्या व त्या रोख कापूस घेत. विशेषतः रॅलींची ख्याती सट्ट्यापासून कटाक्षाने दूर राहणारी पेढी अशी होती. अशी पेढी वऱ्हाडात हजार गाठी विकत घेते तेव्हा भाव उतरण्याच्या धोक्यापासून बचाव म्हणून तितक्याच मालाची वायद्याने विक्री करून ठेवते. मुंबईच्या वायदेबाजारात ‘ऊमरा’ हा पुढे प्रमाण माल ठरला, आणि वऱ्हाडच्या खऱ्या कापसाचा बचाव त्याच्या कागदी विक्रीने होऊ लागला. मार्गशीर्ष-पौषात नवा माल पेठेत आला की वायद्यातील विक्री वाढणार, हे यावरून ओघानेच येते. ही विक्री पाहून ‘मोठ्या पेढ्यांना मंदी दिसत आहे’ असे म्हणणारा चुकेल. त्या पेढ्यांनी कसलेच भाकीत केलेले नसते. त्यांनी आपल्या गोदामातील मालास छत्री धरलेली असते. सौदा हा मताचा पुरावा आहे, हे गृहीतच येथे ढासळते. वार्तेपेक्षा सौदा सत्य सांगतो असे मानणाऱ्यांनी हा मुद्दा पुरता पचविलेला दिसत नाही. सौदा सत्य सांगतो खरा, पण तो सौदा करणाऱ्याच्या गरजेचे. बाजाराच्या भवितव्याचे नव्हे. तेव्हा ज्याच्या नावे विक्री दिसते त्याच्या गोदामात काय आहे, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

मतास अधिक जवळ जाणारे एक साधन बाजारात होते. ते तेजी-मंदीचे. ठरावीक भावाने माल घेण्याचा हक्क विकत घ्यावयाचा ती ‘तेजी’, विकण्याचा हक्क घ्यावयाचा ती ‘मंदी’, आणि दोन्ही हक्क एकत्र घ्यावयाचे ती ‘तेजी-मंदी’. यासाठी आगाऊ द्यावयाची रक्कम तो ‘नजराणा’. समजा, ऊमराचा भाव ७८४ पौंडांच्या खंडीस ३०० रुपये आहे आणि तेजी-मंदीचा नजराणा १२ रुपये आहे. फेडीच्या दिवशी भाव ३१२ च्या वर गेला वा २८८ च्या खाली आला तरच घेणाऱ्यास लाभ. एरवी नजराणा देणाऱ्याच्या घरी राहिला. या सौद्यात भाव कोणीकडे जाईल याविषयी काहीच म्हटलेले नसते. तो किती हलेल याविषयीच दोन माणसांचा मतभेद असतो. म्हणून नजराणा वाढला म्हणजे बाजार भेदरला, एवढे खात्रीने म्हणता येते. कोणत्या दिशेने, ते म्हणता येत नाही. वर्तमानपत्रातील बातमीचे नेमके उलट असते. ‘तेज’, ‘नरम’, ‘स्थिर’ या शब्दांनी ती दिशा सांगते. मात्रा सांगत नाही. या दोन साधनांना एकाच मापाने मोजून ती जुळतात की नाही हे पाहणे, म्हणजे वाऱ्याची दिशा आणि त्याचा वेग यांची तुलना करणे होय. ती जुळली नाहीत यात आश्चर्य नाही, आणि जुळली तरी फारसे सिद्ध होत नाही.

शिवाय ही साधने परस्परांपासून स्वतंत्रही नाहीत. बाजारपत्रकात ‘नरम’ हा शब्द कोण लिहवितो? वार्ताहर दलालास विचारतो, आणि दलालाच्या हाती त्या दिवशी सौदे असतात. मोठ्या प्रमाणावर तेजी-मंदी विकून नजराणे गोळा केलेल्या पेढीचे हित फेडीच्या दिवसापर्यंत भाव जागच्या जागी राहण्यात असते. तिच्या तोंडून ‘बाजारात विशेष काही नाही’ हेच ऐकू येणार. म्हणून एखाद्या वर्षाच्या वृत्तपत्रीय भाषेवरून बाजाराचा कल काढणाऱ्याने आधी त्या भाषेचा सांगणारा कोण हे ठरवावे. ‘नरम’ आणि ‘गरम’ हे कापूसपेठेतील ठराविक संकेत आहेत. त्यांत हर्ष-विषाद शोधणारा शब्दकोश बाजाराबाहेरचा आहे.

तेजी-मंदी हा व्यापार की जुगार, याविषयी न्यायालये दीर्घकाळ घोटाळत राहिली. पैजेच्या करारांविषयीचा मुंबईचा तिसरा कायदा १८६५ सालचाच आहे, हा योगायोग नव्हे. १९२१-२२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनकडे वायद्यांची व्यवस्था आली. १९३९ साली मुंबई सरकारने कापसातील तेजी-मंदी कायद्याने बंद केली, आणि १९५२ च्या वायदे करार नियमन कायद्याने मालावरील ऑप्शनांवर देशभर बंदी आली. १९६६ साली कापसाचे वायदेही थांबविण्यात आले. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आली व विदर्भातील शेतकऱ्याचा कापूस तीन दशके बहुतांशी सरकारी हमीने विकला गेला. या काळात नागपूरच्या इतवारीतील पेठेला लिव्हरपूलच्या वा न्यूयॉर्कच्या बातमीचे महत्त्व वाटेनासे झाले. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावातील आकड्यांवर पैजा लावणारे लोक मात्र मुंबईत होते. भावाचा आकडा उरला, कापूस गेला. मटक्याचा उगम येथे आहे. वार्ता मालापासून पुरती सुटली म्हणजे तिचे काय होते याचे हे उदाहरण अभ्यासकांनी क्षुल्लक मानू नये.

बंदी उठण्याचा क्रम रोख्यांपासून सुरू झाला. रोख्यांवरील ऑप्शनांची बंदी १९९५ साली उठली. २००१ साली राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकावर व भागांवर ऑप्शन सुरू झाले. मालावरील ऑप्शन २०१७ साली परत आले. जुन्या बाजाराहून आजचा बाजार एका बाबतीत फार पुढे गेला आहे. वायद्यातील शिल्लक सौदे वैयक्तिक ग्राहक, स्वदेशी संस्था, परदेशी संस्था आणि दलालपेढ्यांचा स्वतःचा व्यवहार या चार वर्गांत विभागून रोज जाहीर होतात. १८६५ साली जे कळण्यास दिवाळखोरी व्हावी लागे, ते आज सायंकाळी कळते. तथापि रॅलींच्या छत्रीचा प्रश्न तसाच आहे. परदेशी संस्थेने निर्देशांकाची विक्री केलेली दिसली तर तिच्याजवळ त्याच वेळी भाग किती आहेत हे त्या पत्रकात नसते, आणि ते पत्रक वाचणारा बहुधा त्या विक्रीस मंदीचे मत समजतो.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या व त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक झाला. २०२३-२४ या एका वर्षात खर्च वजा जाण्यापूर्वीचा नफा दलालपेढ्यांच्या स्वतःच्या व्यवहारात सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांकडे सुमारे २८ हजार कोटी होता. येथे बातमी सर्वांना एकाच क्षणी मिळत होती, सौद्यांचे पत्रकही सर्वांना खुले होते. तेव्हा तोट्याचे कारण वार्तेच्या विलंबात शोधता येणार नाही. भांडवल कोणाजवळ होते, व्यवहाराचा खर्च कोणास किती पडला आणि सौदा टिकवून धरण्याची शक्ती कोणात होती, या जुन्याच प्रश्नांकडे यावे लागते. १ जुलै १८६५ रोजीही तेच विचारावे लागले होते.

नागपूरच्या अभ्यासकास या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईच्या दिवाळखोरीचे कागद पाहिले गेले आहेत. वऱ्हाड-नागपूरचे त्या मानाने फार थोडे. खामगाव, अमरावती, हिंगणघाट येथील पेढ्यांच्या वह्या दर दिवाळीस नव्या होत आणि जुन्या माळ्यावर जात. तेथून त्या रद्दीत गेल्या, काही उरल्या. १८६४ च्या आश्विनात, तहाची आवई मुंबईस आली त्या पंधरवड्यात, हिंगणघाटच्या एखाद्या पेढीने कापूस घेतला की विकला, आणि कोणास आगाऊ पैसा दिला, एवढे एका वहीतून निघाले तरी त्या वर्षाच्या वर्तमानपत्रांचा अर्थ लावण्यास आधार मिळेल. मोडी वाचणाऱ्यांची संख्या या विद्यापीठाच्या परिसरात घटत चालली आहे, आणि माळ्यावरच्या वह्यांना वाळवी लागते.